२०१० च्या उन्हाळ्याचा ताळेबंद : प्रकल्प नोंदी

२ जुलै २०२५

फ्लोरिडा पँथर्सने लागोपाठ दुसऱ्या वर्षी आइस हॉकीचा स्टॅन्ले चषक जिंकला आणि त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत सॅम बेनेट, एरन एकब्लाड आणि ब्रॅड मार्शांड या तिघांनाही नव्या करारांनी बांधून घेतले. ही बातमी वाचून मला आनंद व्हायला हरकत नव्हती. पण शिकागोच्या उपनगरात राहून ब्लॅकहॉक्सवर जीव टाकणाऱ्या माणसाला अशी बातमी झोंबतेच. ९ जून २०१० रोजी आमच्या संघाने तब्बल ४९ वर्षांनी चषक जिंकला आणि पुढच्या दोन महिन्यांत त्या संघाचा जवळजवळ अर्धा भाग गावोगावी वाटला गेला. ‘वेतनमर्यादेमुळे (म्हणजे एका संघाने खेळाडूंवर एका हंगामात किती खर्च करावा याच्या कमाल मर्यादेमुळे) नाइलाज झाला’ हे वाक्य मी पंधरा वर्षे ऐकत आलो आहे आणि इतरांना ऐकवतही आलो आहे, मात्र ते कागदावर मांडून कधीही तपासलेले नाही. माझा व्यवसाय हिशेबतपासनिसाचा असल्याने ही गोष्ट मला लाज वाटावी अशीच आहे.

म्हणून हा प्रकल्प हाती घेतला आहे. २०१०-११ च्या हंगामासाठी विजेता संघ जसाच्या तसा ठेवायचा असता तर किती डॉलर लागले असते, मर्यादा किती होती, तूट किती पडली असती आणि ती तूट नेमकी कोणत्या निर्णयातून आली, एवढेच मला शोधायचे आहे. रकमा लाख डॉलरमध्ये मांडीन, म्हणजे रकाने सुटसुटीत राहतील.

४ जुलै २०२५

पहिल्याच दिवशी चूक झाली. मी प्रत्येक खेळाडूपुढे त्या वर्षी त्याला प्रत्यक्ष मिळालेला पगार लिहीत गेलो आणि मारियन होसाच्या ओळीशी आल्यावर बेरीज हाताबाहेर गेली. नॅशनल हॉकी लीगमध्ये वेतनमर्यादेसाठी त्या वर्षीचा पगार धरत नाहीत. कराराची एकूण रक्कम वर्षांनी भागून येणारी सरासरी धरतात. होसाचा करार १२ वर्षांचा होता आणि त्यातील पहिली ७ वर्षे त्याला दरवर्षी ७९ लाख मिळायचे होते, तर शेवटच्या काही वर्षांत जेमतेम १० लाख. त्यामुळे खिशातून ७९ लाख जात असले तरी लीगच्या वहीत सुमारे ५३ लाखच चढत होते. करार लांबवायचा आणि शेपटाकडची वर्षे स्वस्त ठेवून सरासरी खाली ओढायची, ही त्या काळातली सर्रास चालणारी क्लृप्ती होती आणि २०१३ च्या कामगार करारात लीगने तिला वेसण घातली. शिकागोने मात्र २००९ मध्ये तिचा पुरेपूर लाभ घेतला होता, ही बाब जमेच्या बाजूला लिहून ठेवतो.

सर्व ओळी सरासरीच्या आधारे पुन्हा लिहिल्या. अर्धा दिवस त्यातच गेला.

६ जुलै २०२५

आज गाभ्याच्या आठ ओळी पूर्ण झाल्या. ब्रायन कॅम्पबेल ७१.४, जोनाथन टेव्ज ६३, पॅट्रिक केन ६३, डंकन कीथ ५५.४, होसा ५३, पॅट्रिक शार्प ३९, ब्रेंट सीब्रूक ३५ आणि डेव्ह बोलंड ३३.७५. बेरीज होते ४ कोटी १३ लाखांच्या आसपास, आणि २०१०-११ ची वेतनमर्यादा होती ५ कोटी ९४ लाख. म्हणजे २३ जणांच्या संघातील आठ जणांनीच ताटातले सत्तर टक्के वाढून घेतले होते.

यातील तीन ओळींबद्दल मी आजवर चुकीचे बोलत आलो. केन, टेव्ज आणि कीथ यांचे नवे करार ३ डिसेंबर २००९ रोजी, हंगाम ऐन रंगात असताना, एकाच दिवशी जाहीर झाले होते. केन आणि टेव्ज त्याआधी नवोदितांच्या करारावर खेळत होते आणि बक्षिसांची रक्कम वगळता त्यांचे मूळ वेतन ९ लाखांच्या आतच होते, कीथ १४.७५ लाखांवर खेळत होता. ‘पोरांनी एकदम पगार वाढवून मागितले आणि संघ फुटला’ अशी माझी समजूत होती. परंतु ज्या तिघांनी पुढच्या पाच वर्षांत आणखी दोन चषक आणून दिले, त्यांचा हा भाव कोणत्याही मोजमापाने वाजवी होता, आणि ही वाढ येणार हे व्यवस्थापनाला किमान दोन वर्षे आधीपासून माहीत होते. माहीत असलेल्या खर्चासाठी तरतूद ठेवलेली नसेल, तर दोष खर्चाचा नसतो.

तरतूद कुठे गेली, याचे उत्तर १ जुलै २००८ या तारखेत सापडते. त्या एका दिवशी तत्कालीन महाव्यवस्थापक डेल टॅलन यांनी कॅम्पबेलला ८ वर्षांसाठी ५ कोटी ७१ लाखांचा आणि गोलरक्षक क्रिस्तोबाल ह्युए याला ४ वर्षांसाठी २ कोटी २५ लाखांचा करार दिला. तेव्हा संघ वर्षानुवर्षे तळाशी राहून नुकता कुठे मान वर काढत होता आणि मोठे नाव आणायचे तर चार पैसे जास्त मोजावे लागतात, हे मला समजते. तरीही दोन्ही करारांवर सही होताना केन आणि टेव्ज यांचा पहिला हंगाम नुकताच संपला होता आणि त्यांचे पुढे काय होणार हे आंधळ्यालाही दिसत होते.

कॅम्पबेलला सरसकट खलनायक ठरवणे मात्र मला जमत नाही. मार्च २०१० मध्ये त्याच्या गळ्याजवळचे हाड आणि बरगडी मोडली होती. तो बाद फेरीत परतला, आणि फिलाडेल्फियातील सहाव्या सामन्यात जादा वेळेच्या पाचव्या मिनिटाला केनने मारलेल्या, जाळ्याच्या तळाशी अडकून बसल्यामुळे केनखेरीज कोणालाच न दिसलेल्या त्या विजयी गोलसाठी चकती पुरवली ती कॅम्पबेलनेच.

९ जुलै २०२५

आजची ओळ सर्वांत कडू आहे. नवोदितांच्या करारात कामगिरीवर आधारित बक्षिसे असतात आणि ती त्या वर्षीच्या मर्यादेत मावली नाहीत, तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या मर्यादेतून वजा होते. टेव्ज त्या बाद फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, केनने हंगाम गाजवला, आणि त्यांनी मिळवलेल्या बक्षिसांची सुमारे ४२ लाखांची मागील बाकी २०१०-११ च्या खतावणीत येऊन बसली. म्हणजे ५९४ लाखांची मर्यादा आमच्यासाठी प्रत्यक्षात ५५२ लाखांची होती. मर्यादा त्या वर्षी ५६८ वरून ५९४ झाली होती, ती २६ लाखांची वाढ या बाकीने गिळली आणि वर आणखी १६ लाख मागितले.

फ्लोरिडाशी तुलना इथेच करून टाकतो. २०२५ मध्ये मर्यादा ८८० लाखांवरून ९५५ लाखांवर गेली, म्हणजे एका झटक्यात ७५ लाखांची मोकळी जागा प्रत्येक संघाला मिळाली. शिवाय फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे तिथला खेळाडू थोड्या कमी आकड्यावर राजी होऊ शकतो. त्यांच्या व्यवस्थापनाने काटकसरीने करार केले याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण दोन्ही उन्हाळ्यांची पट्टी एक नव्हती, हे लक्षात आल्यावर माझी २ जुलैची चिडचिड बरीच निवळली.

१२ जुलै २०२५

आता गेलेल्यांची यादी. ११ जूनला शिकागोच्या रस्त्यांवर सुमारे वीस लाख माणसे विजययात्रा पाहायला लोटली असल्याचा अंदाज तेव्हा सांगितला गेला. त्या गर्दीत मीही होतो आणि डस्टिन बफलिनच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तेव्हा २४ जूनला तो अटलांटाचा झाला. ३० जूनला क्रिस व्हर्स्टीग टोरांटोला आणि १ जुलैला अँड्र्यू लॅड पुन्हा अटलांटालाच गेला. बफलिनबरोबर ब्रेंट सोपेल आणि बेन ईगरही गेले असल्याने चषकावर नाव कोरले जाणारे चार जण एकट्या अटलांटाने नेले होते. तिथे राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याने, ज्याला हॉकीतले ओ की ठो कळत नव्हते, मला फोन करून ‘भाऊजी, तुमचे निम्मे बिऱ्हाड आमच्याकडे आले म्हणतात’ असे ऐकवले होते. वर्षभरात तो संघच अटलांटा सोडून विनिपेगला गेला आणि मेव्हण्याची हॉकी तिथेच आटोपली.

बफलिनची ओळ लिहिताना हात जड झाला. त्या बाद फेरीत त्याने ११ गोल केले आणि सॅन होझेविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात जादा वेळेतला निर्णायक गोलही त्याचाच होता. त्याचा भाव होता ३० लाख. अटलांटाने त्याला आघाडीवरून हलवून बचावात कायम केले आणि त्याने तिथूनही पहिल्याच हंगामात २० गोल केले.

त्याच्या बदल्यात काय आले, हा रकाना मी आजवर कधी भरला नव्हता. मुख्य ऐवज होता २०१० च्या ड्राफ्टमधील, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतील, २४ वी निवड. तिच्यावर शिकागोने केव्हिन हेजला घेतले, आणि हेजने चार वर्षे महाविद्यालयात खेळून २०१४ मध्ये शिकागोशी करार न करताच न्यूयॉर्क रेंजर्सची वाट धरली. ५४ व्या निवडीतून आलेला जस्टिन हॉल शिकागोसाठी एकही सामना खेळला नाही आणि पुढे टोरांटोत नावारूपाला आला. जेरेमी मॉरिन मोजके सामने खेळून गेला. लॅडच्या बदल्यात मिळालेल्या निवडीतून आलेल्या अ‍ॅडम क्लेंडेनिंगची कथाही फार वेगळी नाही. व्हर्स्टीगच्या बदल्यात आलेला व्हिक्टर स्टॉलबर्ग तेवढा २०१३ च्या विजेत्या संघात होता. ज्याला विकल्यावाचून गत्यंतर नाही हे साऱ्या बाजाराला माहीत असते, त्याच्या मालाला मोल येत नाही. घाऊक विक्रीचा हाच तोटा असतो.

व्हर्स्टीगच्या ३०.८ लाखांपुढे एक खूण करून ठेवली आहे. २००९ च्या उन्हाळ्यात मर्यादित मुक्त खेळाडूंना (करार संपला तरी ज्यांच्यावर जुन्या संघाचा हक्क राहतो अशांना) द्यावयाची नियमानुसारची पत्रे मुदतीत पोहोचली नाहीत, खेळाडू संघटनेने तक्रार केली, आणि ते खेळाडू पूर्ण मुक्त होऊन हातचे जाऊ नयेत म्हणून व्हर्स्टीग आणि कॅम बार्कर यांना घाईने तगडे करार द्यावे लागले. काही दिवसांतच, १४ जुलै २००९ रोजी, टॅलन यांच्या जागी स्टॅन बोमन आले. वेळेवर पत्रे गेली असती तर किती वाचले असते ते सांगता येणार नाही, म्हणून रक्कम बदललेली नाही. खूण मात्र पुसणार नाही.

१३ जुलै २०२५

छोटी दुरुस्ती. ह्युएचे ५६ लाख मी बेरजेत धरले होते, ते काढले. संघाने त्याला स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर्ग संघाकडे उसनवार पाठवले आणि त्या काळच्या नियमांत असा करार वेतनमर्यादेत मोजला जात नसे. मालकांनी पदरमोड केली आणि वही स्वच्छ राहिली. हे केले नसते तर या प्रकल्पाची गरजच पडली नसती. जुलैअखेरीस संघाकडे गोलपुढे उभे करायलाही कोणी उरले नसते.

१९ जुलै २०२५

गेल्या पंधरा वर्षांत ज्या निर्णयाबद्दल मी सर्वांत जास्त भांडलो, तो आज मांडला. ९ जुलै २०१० रोजी सॅन होझे शार्क्सने आमचा तरुण बचावपटू निकलास यालमारसन याला ऑफर शीट दिली : ४ वर्षे, १ कोटी ४० लाख. खेळाडू मर्यादित मुक्त असल्यामुळे शिकागोला सात दिवसांत तेवढाच करार देऊन त्याला ठेवता येत होते, किंवा ड्राफ्टमधील निवडींची भरपाई घेऊन सोडता येत होते. सॅन होझेचा डाव दुधारी होता. शिकागोने सोडले तर चांगला बचावपटू मिळेल आणि ठेवले तर ३५ लाख खर्च होऊन गोलरक्षक अँटी निएमीसाठी पैसे उरणार नाहीत. बोमन यांनी १२ जुलैला यालमारसनला ठेवले.

निएमीचे प्रकरण लवादापुढे गेले. लवादाने ३१ जुलैला त्याला एका वर्षासाठी २७.५ लाख ठरवून दिले आणि २ ऑगस्टला शिकागोने तो निवाडा नाकारून त्याला मुक्त केले. नियमात तशी सोय होती. त्याच दिवशी १३ लाखांवर मार्टी टर्को आला. ज्याने जेमतेम दोन महिन्यांपूर्वी बाद फेरीत १६ सामने जिंकून दिले, त्या गोलरक्षकाला १४.५ लाखांच्या फरकासाठी दाराबाहेर काढले, असे मी त्या वेळी लिहिले होते आणि त्याचा शेवट मराठीत छापता न येणाऱ्या शब्दाने केला होता. सप्टेंबरमध्ये निएमीला कोणी घेतले, तर त्याच सॅन होझेने, आणि तेही २० लाखांत. साडेसात लाख कमी घेऊन तो प्रतिस्पर्ध्याकडे गेला, ही जखम अधिक चिघळवणारी होती.

आज पुढची वर्षे त्या ओळीला जोडून पाहिली. टर्को हिवाळ्यापर्यंतच टिकला आणि त्याची जागा कोरी क्रॉफर्डने घेतली. तो शिकागोनेच २००३ मध्ये निवडलेला आणि वर्षानुवर्षे दुय्यम संघात मुरत ठेवलेला गोलरक्षक होता. २०१३ आणि २०१५ चे चषक त्याच्याच हातून आले, आणि त्या दोन्ही संघांत चकतीच्या वाटेत स्वतःचे शरीर झोकून देणारा यालमारसन पहिल्या चार बचावपटूंत होता. गोलरक्षक घरात तयार होत होता आणि त्या तोडीचा दुसरा तरुण बचावपटू तयार नव्हता, हे बोमन यांना दिसत होते. मला फक्त निएमीचा मुखवटा दिसत होता, असेच म्हणावे लागेल.

मात्र २०१०-११ पुरते पाहिले तर किंमत मोजावी लागलीच. संघ ९७ गुणांवर अडकला, शेवटच्या दिवशी डेट्रॉइटकडून घरच्या मैदानावर हरला आणि संध्याकाळी डॅलस मिनेसोटात हरले म्हणून आठव्या क्रमांकाने कसाबसा बाद फेरीत शिरला. व्हँकूव्हरविरुद्ध ३-० अशी पिछाडी भरून काढून सातव्या सामन्यात जादा वेळेत तो बाहेर पडला.

२६ जुलै २०२५

एक नोंद पैशाच्या रकान्यात बसत नाही, परंतु ती वगळून या उन्हाळ्याबद्दल लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी अहवालानुसार, व्हिडिओ प्रशिक्षकाने एका तरुण खेळाडूवर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार २३ मे २०१० रोजी संघाच्या वरिष्ठांच्या बैठकीत चर्चिली गेली होती आणि चषक जिंकून होईपर्यंत, १४ जूनपर्यंत, तिच्यावर काहीही कारवाई झाली नाही. त्या बैठकीला बोमन उपस्थित होते आणि अहवाल आला त्याच दिवशी त्यांनी पद सोडले. ज्या माणसाच्या १२ जुलैच्या निर्णयाला मी मागच्या नोंदीत दाद दिली, तोच माणूस त्या निर्णयाच्या सात आठवडे आधी त्या बैठकीत बसलेला होता. दाद मागे घेत नाही. पण ती या ओळीच्या शेजारी ठेवूनच वाचावी.

२ ऑगस्ट २०२५

अंतिम बेरीज. गाभ्याचे आठ ४१३. बफलिन ३०, व्हर्स्टीग ३०.८, सोपेल २३.३, लॅड २३.५ (अटलांटाने नंतर दिलेल्या सरासरीने), यालमारसन ३५ आणि निएमी २७.५ मिळून १७०. ट्रॉय ब्राउवर आणि टॉमस कोपेत्स्की मिळून २२. उरलेल्या सात जागा किमान वेतनावर, प्रत्येकी ५ प्रमाणे ३५. एकूण ६४० लाख. हातात ५५२. तूट ८८ लाख.

मग एकेक गोष्ट काढून पाहिली. बक्षिसांची मागील बाकी नसती तरी तूट ४६ लाखांची राहते. बाकी तशीच ठेवून कॅम्पबेलच्या जागी किमान वेतनावरचा खेळाडू बसवला तरी २२ लाखांची राहते. दोन्ही काढल्यावरच वही जुळते आणि २० लाख शिल्लक पडतात; पण मग कॅम्पबेलविना तो चषक आलाच असता का, याचे उत्तर माझ्या तक्त्यात नाही. एवढे मात्र आता ठामपणे लिहू शकतो, की २०१० च्या उन्हाळ्यात झालेले बहुतेक निर्णय निर्णय नव्हतेच. ती २००८ आणि २००९ मध्ये केलेल्या उधारीची वसुली होती. खऱ्या अर्थाने निवड करायला एकच जागा उरली होती, ती यालमारसन की निएमी, आणि तिथे मी चुकीच्या बाजूला होतो. टॅलन तोवर फ्लोरिडात महाव्यवस्थापक झाले होते, आणि जून २०११ मध्ये कॅम्पबेलचा उरलेला करार शिकागोकडून उचलून घेतला तोही त्यांनीच. हे मी मुद्दाम रचून सांगत नाही. नोंदवहीत तसेच आहे.

१० ऑगस्ट २०२५

प्रकल्प काल बंद करायचा होता, परंतु एक मोह आवरला नाही. ५५२ लाखांची मर्यादा मान्य करून, यालमारसनला हात न लावता, मला बफलिन ठेवता येतो का? त्याचे ३० लाख उभे करायला गाभ्यातील एकच ओळ जुळते, ती बोलंडची ३३.७५ लाखांची. मी ती काढली, बफलिन आत घेतला, बेरीज जुळली आणि पाच मिनिटे मी बोमन यांच्यापेक्षा शहाणा होतो.

मग २४ जून २०१३ आठवला. बॉस्टनमध्ये अंतिम मालिकेचा सहावा सामना, शिकागो २-१ ने मागे, दीड मिनिटाहून कमी वेळ शिल्लक. ब्रायन बिकेलने बरोबरी साधली आणि अवघ्या १७ सेकंदांनी विजयी गोल झाला. तो गोल डेव्ह बोलंडचा होता. मी त्याची ओळ जागेवर ठेवून दिली.

आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, ३० जून २०१३ रोजी, वेतनमर्यादा आकसत असल्याने शिकागोने बोलंडला टोरांटोला दिले. नवी फाइल उघडली आहे; तिच्यात अजून एकच ओळ आहे, त्याच्या नावाची.